जुन्या रिव्हॉल्व्हरांचा बाजार आणि पुसलेली नावे

२७ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात बोनहॅम्स या लिलाव-संस्थेने एक जुने कोल्ट रिव्हॉल्व्हर विकले. त्याला ६० लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. कोणत्याही बंदुकीला लिलावात तोवर एवढी किंमत मिळाली नव्हती. न्यू मेक्सिको प्रांतातील शेरीफ पॅट गॅरेट याने १४ जुलै १८८१ च्या रात्री याच शस्त्राने ‘बिली द किड’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या अवघ्या एकवीस वर्षांच्या गुन्हेगाराला ठार मारले होते. या रिव्हॉल्व्हरच्या यंत्ररचनेत असामान्य असे काही नाही. त्याच साच्याची हजारो रिव्हॉल्व्हरे त्या काळात हार्टफर्डच्या कारखान्यातून बाहेर पडली होती. त्यांच्यापैकी एकाने एका नामांकित तरुणाचा प्राण घेतला, म्हणून ते इतरांपेक्षा अनेक पटींनी महाग झाले. बाजाराने मोल दिले ते पोलादाला नव्हे, त्या मृत्यूला दिले.

हा प्रकार अपवादात्मक नाही. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी पॅरिस येथे क्रिस्टीज या संस्थेच्या लिलावात ७ मिलिमीटरचे एक लहानसे लफोशो रिव्हॉल्व्हर ४,३४,५०० युरोंना विकले गेले. कवी पॉल व्हर्लेन याने १० जुलै १८७३ रोजी ब्रुसेल्समध्ये कवी आर्थर रँबो याच्यावर त्यातून गोळी झाडली होती. रँबोच्या मनगटाला जखम झाली आणि व्हर्लेनला तुरुंगवास भोगावा लागला. जून २०१९ मध्ये पॅरिसमध्येच त्याच जातीचे दुसरे रिव्हॉल्व्हर विकले गेले. ते गंजून निकामी झालेले होते. ओव्हेर गावाजवळच्या शेतात सापडलेल्या या लोखंडाच्या तुकड्याने चित्रकार व्हिन्सेंट व्हान गॉग याने १८९० च्या जुलैमध्ये स्वतःवर गोळी झाडली असावी, एवढ्या संभवावर त्याला १,६२,५०० युरो मिळाले. ज्या कलावंताच्या हयातीत त्याची चित्रे जवळजवळ विकलीच गेली नाहीत, त्याच्या मरणाच्या साधनाला, आणि तेही निश्चित नव्हे तर संभाव्य साधनाला, लिलावात ग्राहक मिळतात. ज्या समाजव्यवस्थेत हे घडते तिच्या मूल्यांविषयी यातून पुष्कळ काही कळते.

जुनी रिव्हॉल्व्हरे जमवणे हा युरोप-अमेरिकेतील एक प्रतिष्ठित छंद आहे आणि त्याचे स्वतःचे शास्त्रही आहे. जाणकार संग्राहक प्रथम आकडे पाहतो. सांगाड्यावर, नळीवर, गोळ्यांच्या फिरत्या चक्रावर आणि चापाच्या कड्यावर कोरलेले क्रमांक एकमेकांशी जुळतात की नाही, यावर किंमत ठरते. मूळची निळसर झिलई टिकून असली तर ती जपायची असते. कोणी हौसेने नवी झिलई चढवली असेल तर किंमत वाढण्याऐवजी घसरते. लाकडी मुठीवर उमटवलेला सरकारी तपासनिसाचा शिक्का, मूळ पेटी, दारूची कुपी, गोळ्या ओतण्याचा साचा यांचाही हिशेब होतो. शुल्क भरल्यास कोल्ट कंपनीच्या दप्तरातून एक पत्र मिळते. अमुक क्रमांकाचे शस्त्र कोणत्या दिवशी, कोणत्या व्यापाऱ्याकडे रवाना झाले, हे त्यात नमूद असते. वस्तूचा पहिला मालक कोण, तिच्यावर कोणत्या सेनाधिकाऱ्याचे नाव कोरलेले आहे, ती कोणत्या मोहिमेत होती, या सर्वांची साखळी जुळवण्यात संग्राहक वर्षानुवर्षे खर्ची घालतात. या परिश्रमांची टवाळी करण्याचे कारण नाही. वस्तूकडे इतक्या बारकाईने पाहण्याची सवय इतिहासाच्या अनेक प्राध्यापकांनाही नसते.

तथापि या साखळीत कोण येते आणि कोण येत नाही, हा प्रश्न समाजवाद्याने विचारलाच पाहिजे. संग्राहकाच्या इतिहासात शस्त्राचा मालक येतो, व्यापारी येतो, सेनापती येतो. ज्याच्यावर ते शस्त्र चालले तो येत नाही, आणि ज्याने ते घडवले तोही येत नाही. बिली द किडसारखा मारला गेलेला माणूस स्वतः प्रसिद्ध असेल तर त्याचे नाव किंमतपत्रिकेवर चढते. इतरांची नोंद कोठेही नसते.

कोल्टच्या ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हरचे उदाहरण घ्यावे. संग्राहकांच्या दृष्टीने हे या क्षेत्रातील शिरोरत्न होय. २०१८ मध्ये इलिनॉय राज्यातील एका लिलावात मूळ पेटीसह असलेला एक वॉकर १८ लाख ४० हजार डॉलरांना गेला. सॅम्युएल कोल्ट याने १८३६ मध्ये आपल्या फिरत्या चक्राच्या शस्त्राचे अमेरिकन पेटंट मिळवले, परंतु पॅटरसन येथील त्याचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला. बुडालेल्या उद्योजकाला पुन्हा उभे केले ते सरकारी युद्धखर्चाने. टेक्ससच्या घोडदळी रेंजर्सनी १८४४ मध्ये कोमांची आदिवासींविरुद्ध कोल्टची पाच बारांची रिव्हॉल्व्हरे वापरून पाहिली होती. त्याआधी गोऱ्या वसाहतवाल्याच्या बंदुकीचा एक बार होऊन ती पुन्हा भरली जाईपर्यंत कोमांची स्वार अनेक बाण सोडू शकत असे. रिव्हॉल्व्हरने हा तोल पालटला. पुढे मेक्सिकोवर लादलेल्या युद्धासाठी अमेरिकन सरकारने १८४७ मध्ये एक हजार वॉकर रिव्हॉल्व्हरांची मागणी नोंदवली आणि कोल्टचे भाग्य उघडले. १८४८ साली त्या युद्धाच्या अखेरीस मेक्सिकोने विस्तीर्ण प्रदेश गमावला, आणि पुढल्या काही दशकांत कोमांचींना राखीव क्षेत्रात कोंडले गेले. ज्यांच्यामुळे या शस्त्राची ‘कामगिरी’ सिद्ध झाली, त्या कोमांचींचा आणि मेक्सिकन शेतकऱ्यांचा लिलावाच्या पुस्तिकेत उल्लेख झालाच तर तो शत्रू म्हणून होतो.

ब्रिटिश संग्राहकांच्या लाडक्या वेब्ली रिव्हॉल्व्हरची कथा याहून निराळी नाही, आणि ती भारतीयांना अधिक जवळची आहे. ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये वेब्लीचा पहिला नमुना स्वीकारला आणि १९१५ मध्ये सहावा. या काळात साम्राज्याच्या अधिकाऱ्याच्या कमरेला जे शस्त्र लटकत असे ते बहुधा हेच. याची गोळी जाड आणि जड ठेवण्यात आली, कारण ‘रानटी’ शत्रू एका गोळीने थांबत नाही असा वसाहतवादी सेनाधिकाऱ्यांचा सिद्धांत होता. याच सिद्धांतापोटी कलकत्त्याजवळच्या डमडम येथील शस्त्रशाळेत अंगात शिरताच पसरणारी रायफलची गोळी तयार झाली, आणि वेब्लीसाठीही पोकळ टोकाची गोळी १८९८ मध्ये काढण्यात आली. १८९९ च्या हेग परिषदेने पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालण्याचा ठराव केला, तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधींनी असंस्कृत शत्रूचे निमित्त पुढे करून त्याला विरोध केला होता. आज जुन्या वेब्लीच्या वर्णनात ‘थांबवण्याची शक्ती’ हा गुण म्हणून मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. कोणाला थांबवण्याची, हे मात्र सांगितले जात नाही.

दुसरा पुसला गेलेला माणूस म्हणजे कामगार. बर्मिंगहॅमच्या बंदूक-वस्तीत एक शस्त्र अनेक लहान कारखान्यांतून फिरत पूर्ण होत असे. नळी एकाकडे, चाप दुसऱ्याकडे, मूठ तिसऱ्याकडे, आणि सर्व काम उक्त्या मजुरीवर. शेवटी शिक्का मात्र एका मालकाचा. हार्टफर्डमध्ये कोल्टने यंत्राच्या बळावर सुटे भाग मोठ्या प्रमाणावर बनवण्याची पद्धत रुजवली. परंतु अखेरची घासणी, जुळणी आणि तपासणी कुशल हातांवरच अवलंबून राहिली. कोल्टचे ‘पायथन’ हे रिव्हॉल्व्हर १९५५ मध्ये निघाले. त्याचा चाप इतका सुरेख चाले, कारण प्रत्येक नगातील भाग अनुभवी कारागीर हाताने घासून बसवत असत. कंपनीला ही मेहनत परवडेनाशी झाली आणि २००५ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले. त्यानंतर जुन्या पायथनच्या किमती भराभर चढल्या. २०२० मध्ये कंपनीने त्याच नावाचे नवे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, ते भागांची संख्या कमी करून आणि आधुनिक यंत्रांवर घडवून. कारागिराच्या ज्या हाताला कारखान्यात जागा उरली नाही, त्याच हाताच्या कामासाठी संग्राहक आज चढी किंमत मोजतो.

या कारखान्याचा आणखी एक अध्याय आहे. १९८६ च्या जानेवारीत हार्टफर्ड येथील कोल्टच्या सुमारे एक हजार कामगारांनी संप पुकारला. मोटार-कामगारांच्या संघटनेशी संलग्न असलेला हा संप चार वर्षे चालला. कंपनीने संपकऱ्यांच्या जागी दुसरी माणसे भरून काम रेटण्याचा प्रयत्न केला. या धामधुमीत १९८८ मध्ये सैन्याला एम-१६ रायफली पुरवण्याचे कंत्राट कोल्टच्या हातून निसटले. अखेर १९९० मध्ये खाजगी गुंतवणूकदार, कनेटिकट राज्याचा निवृत्तिवेतन निधी आणि कामगार संघटना यांनी मिळून कंपनी विकत घेतली, आणि संपकरी कामावर परतले. १९९२ मध्येच कंपनीवर दिवाळखोरीची पाळी आली. २०१५ मध्ये ती पुन्हा आली, आणि २०२१ मध्ये एका चेक शस्त्रउद्योगाने ही कंपनी ताब्यात घेतली. अमेरिकन श्रमिकांच्या इतिहासातील हा एक दीर्घ लढा. कोल्टच्या शस्त्रांवर ग्रंथांचे ढीग रचले गेले, परंतु संग्राहकाच्या कपाटात या चार वर्षांना स्थान नाही. कंपनीच्या दप्तरातून मिळणाऱ्या पत्रात रिव्हॉल्व्हर कोणाकडे गेले हे असते. ते कोणत्या हातांनी बनवले हे त्यात नसते.

येथे काही वाचक म्हणतील की हा सर्व गतकाळाचा विषय आहे. शंभर-सव्वाशे वर्षांची जुनी हत्यारे काचेच्या कपाटात पडली आहेत, त्यांनी कोणाचे काय बिघडते? दुर्दैवाने हे समाधान खरे नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेले शस्त्र ‘पुराणवस्तू’ मानून संघराज्याच्या बंदूक-नियंत्रणातून वगळले. ब्रिटनच्या १९६८ च्या कायद्याने कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू म्हणून बाळगलेल्या प्राचीन शस्त्राला सूट दिली, पण प्राचीन म्हणजे काय याची व्याख्याच केली नाही. ज्या रिव्हॉल्व्हरांची काडतुसे बाजारात मिळत नाहीत ती निरुपद्रवी, असा व्यवहारातील संकेत होता. मात्र काडतूस मिळत नसले तरी बनवता येते. २०१७ मध्ये बर्मिंगहॅमच्या न्यायालयाने अशी जुनी हत्यारे आणि त्यांच्यासाठी घरी बनवलेली काडतुसे टोळ्यांना पुरवल्याबद्दल एका परवानाधारक विक्रेत्याला ३० वर्षांची शिक्षा दिली. त्याने पुरवलेला माल शंभरांहून अधिक गुन्ह्यांच्या जागी आढळल्याचे पोलिसांचे म्हणणे होते. त्यानंतर २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारने नियम केले, १ सप्टेंबर १९३९ ही सीमारेषा ठरवली, आणि सात प्रकारच्या काडतुसांची शस्त्रे सवलतीतून काढून टाकली. व्याख्येविना पन्नासांहून अधिक वर्षे चाललेल्या सवलतीची किंमत शहरांतील गरीब वस्त्यांतल्या तरुणांनी मोजली. श्रीमंतांच्या छंदासाठी ठेवलेली फट अखेर गरिबांच्या वस्तीत उघडते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

भारताच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांनी तो नीट समजून घेतला पाहिजे. लॉर्ड लिटनच्या सरकारने १८७८ मध्ये शस्त्रकायदा आणला. भारतीयाला परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र सूट मिळाली. एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याविषयीचा संताप स्वातंत्र्य चळवळीत शेवटपर्यंत धुमसत राहिला. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या नागरिकाच्या हक्काचा समावेश होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णु कामथ यांनी, जे पुढे प्रजासमाजवादी पक्षाचे खासदार झाले, हा हक्क संविधानात घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. परकी सत्तेखाली या मागणीला जो अर्थ होता तो स्वतंत्र देशात उरत नाही, आणि व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र हाती घेण्याचे तिचे कर्तव्य महत्त्वाचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. सभेने ती मान्य केली. स्वतंत्र भारताने १९५९ चा शस्त्रकायदा केला, तो याच विचाराने. शस्त्र हा हक्क नव्हे, समाजाने तपासून दिलेली परवानगी आहे.

त्याच १९५९ च्या कायद्यात कलम ४५ अन्वये, जुन्या धाटणीचे किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले आणि दुरुस्त करूनही चालवता न येणारे शस्त्र वगळण्यात आले. यात आक्षेपार्ह काही नाही. जे चालूच शकत नाही ते शस्त्र नव्हेच. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती करून एका व्यक्तीजवळच्या परवानाधारी शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. हे पाऊल योग्य दिशेचे होते. परंतु त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने जाहीर केले की, पुराणवस्तू या वर्गात मोडणारी लहान शस्त्रे केवळ बाळगण्यासाठी परवाना लागणार नाही. ती वापरण्यास, घेऊन फिरण्यास किंवा वाहून नेण्यास तेवढा लागेल. म्हणजे शस्त्र चालते की नाही हा निकष मागे पडला आणि त्याचे वय पुढे आले.

ही सवलत कोणाच्या पदरात पडते? भारतात जुने रिव्हॉल्व्हर वारसाने कोणाकडे आले असेल, याचा विचार केला की उत्तर आपोआप मिळते. १८७८ च्या कायद्याने ज्यांना सूट दिली किंवा ज्यांच्या निष्ठेवर खूष होऊन परवाने दिले, त्या संस्थानिकांच्या, जमीनदारांच्या, रावबहादुरांच्या आणि बड्या अधिकाऱ्यांच्या घरांत ही शस्त्रे राहिली. कुळाच्या, शेतमजुराच्या, आदिवासीच्या आजोबाकडे वेब्ली नव्हते. ते ज्यांच्याकडे होते त्यांच्यापुढे हा आजोबा हात जोडून उभा असे. आजही रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकऱ्याला ठासणीची साधी बंदूक हवी असेल, तर त्याला कायद्याने परवाना घ्यावा लागतो, आणि त्यासाठी पोलीस ठाण्यापासून जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत चपला झिजवाव्या लागतात. जिल्ह्याच्या साहेबाच्या मर्जीने शंभर वर्षांपूर्वी मिळालेले रिव्हॉल्व्हर मात्र वयाच्या जोरावर परवान्याच्या चौकटीबाहेर येते. परकी सत्तेने निर्माण केलेली विषमता स्वदेशी सरकारने पुराणवस्तूचे नाव देऊन पुढे चालू ठेवावी, यात समतेचे तत्त्व कोठे बसते?

याचा अर्थ जुनी शस्त्रे वितळवून टाकावीत असा मुळीच नाही. समाजवादी चळवळीने इतिहासाची साधने नष्ट करण्याचा मार्ग कधी पत्करलेला नाही. उलट संग्राहकाची विद्या लोकांच्या कामी आली तर काय होते, याचे उत्तम उदाहरण भारतातच आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये सॉंडर्सवर झाडलेल्या गोळ्यांशी निगडित असलेले भगतसिंगांचे कोल्ट पिस्तूल पुढे दशकानुदशके विस्मृतीत गेले होते. ते रिव्हॉल्व्हर नव्हे, स्वयंचलित पिस्तूल, पण कारखाना तोच. सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील शस्त्र-प्रशिक्षण शाळेत इतर हत्यारांबरोबर ते गंजरोधक काळ्या रंगाखाली पडून होते. २०१६ मध्ये रंग खरवडून क्रमांक ताडून पाहिला आणि त्याची ओळख पटली. ज्या क्रमांकाच्या जुळणीवर लिलावात लाखो डॉलर मिळतात, त्याच जुळणीने येथे एक राष्ट्रीय ठेवा जनतेला परत मिळवून दिला. याउलट उधमसिंगांनी १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये मायकेल ओडवायरवर ज्यातून गोळ्या झाडल्या, ते स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर स्कॉटलंड यार्डच्या गुन्हे-संग्रहालयात जमा आहे, आणि ते संग्रहालय सर्वसामान्य लोकांसाठी खुले नाही. ‘राम महंमद सिंग आझाद’ असे नाव सांगून फासावर गेलेल्या या हुतात्म्याचे शस्त्र त्याच्या देशबांधवांना पाहता येऊ नये, आणि बिली द किडला मारणारे शस्त्र एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात जावे, या दोन्ही गोष्टी एकाच रोगाची लक्षणे आहेत. इतिहासाची मालकी सत्तेकडे किंवा पैशाकडे असते. जनतेकडे ती आपोआप येत नाही, मागावी लागते.

म्हणून या प्रश्नावर पक्षाची भूमिका स्पष्ट असावी. पहिली गोष्ट अशी की, परवान्याचा जाच वाढवायचा नसला तरी प्रत्येक पुराण-शस्त्राची विनाशुल्क नोंदणी सक्तीची झाली पाहिजे. शस्त्राचा क्रमांक, ते चालते की नाही आणि ते कोणाकडे आहे, या तीन गोष्टी सरकारदप्तरी असाव्यात. चालण्याजोगे असेल त्याला वय काहीही असो, परवान्याची अटच हवी. दुसरी गोष्ट, १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू येतात. त्याच न्यायाने महत्त्वाची शस्त्रे विक्रीला निघाली तर ती घेण्याचा पहिला हक्क सार्वजनिक संग्रहालयांना मिळाला पाहिजे. तिसरी गोष्ट, पीक-संरक्षणासाठी परवाना मागणाऱ्या शेतकऱ्याच्या अर्जाचा निर्णय ठरावीक मुदतीत लागला पाहिजे. ज्याला शोभेसाठी शस्त्र हवे त्याला मोकळीक आणि ज्याला पोटासाठी हवे त्याला अडवणूक, हा उलटा न्याय चालू देता कामा नये. उधमसिंगांचे रिव्हॉल्व्हर भारताला परत मिळावे, ही मागणीही लावून धरली पाहिजे.

चौथी गोष्ट सरकारने नव्हे, कार्यकर्त्यांनीच करावयाची आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील वस्तुसंग्रहालयांत, जुन्या संस्थानांच्या राजवाड्यांत तलवारी, बंदुका आणि रिव्हॉल्व्हरे मांडलेली असतात. त्यांखालच्या पाटीवर राजाचे नाव असते, क्वचित कंपनीचे असते. शाळा-महाविद्यालयांतील मुलांना घेऊन तेथे जावे. हे शस्त्र कोणी घडवले, कोणत्या मजुरीवर घडवले आणि ते कोणावर रोखले गेले, हे तीन प्रश्न त्यांना विचारायला शिकवावे. उत्तरे शोधण्यासाठी जुनी दप्तरे आणि खेड्यांतील वृद्धांच्या आठवणी उपयोगी पडतील. जी उत्तरे मिळतील ती पाटीवर लिहिण्याची मागणी संग्रहालयाच्या व्यवस्थापनाकडे करावी. हे काम लहान दिसते, त्यासाठी मोर्चा लागत नाही की निधी लागत नाही. पण किंमतपत्रिकेने पुसलेली नावे परत लिहिण्याची सुरुवात येथूनच होऊ शकते.